लॅपटॉप दुपारी कोण लावतं?

जिन्याखाली एक जण दबा धरून बसलाय हे दर्शनाला ठाऊक होतं. निमेशने हेडफोनमधून दोनदा तसं सांगितलंही होतं. तिने नेम धरला, भिंतीआडून पाऊल बाहेर टाकलं आणि पडद्यावरचं सगळं चित्र अडखळलं. बंद पडलं नाही, नुसतं अडखळलं, चालता चालता माणसाचा पाय चिखलात रुतावा तसं. तिने बटण दाबलं, पण तिची गोळी सुटायच्या आत समोरच्याने तिला टिपलं होतं.

"दर्शू, काय करतेस यार!" निमेश कानात ओरडला.

"लॅग आला रे."

"कालपण लॅग, आजपण लॅग. नेट बदल ना मग."

"नेट चांगलंय. फ्रेम्स पडतायत. सेकंदाला एकशे चाळीस चालू होत्या, एकदम तीसवर आल्या."

निमेशने पुढचा राउंड लावला. बाकीच्या तिघांनी आपसातच जागा वाटून घेतल्या. ते दर्शनाला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दर्शना घाडी सत्तावीस वर्षांची. दिवसा गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघायची आणि संध्याकाळी घोडपदेवच्या चाळीतल्या आपल्या खोलीत, पोटमाळ्यावर मांडी घालून पाच जणांच्या टीममधून गेम खेळायची. टीममधल्या फक्त निमेशला तिने प्रत्यक्ष पाहिलं होतं. तो वरळी कोळीवाड्यातला, घरचा धंदा मासळीचा. दादरला एका स्पर्धेत दोघं समोरासमोर आले, ती जिंकली आणि त्यानेच तिला टीममध्ये ओढलं. आता मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी तोंडावर आली होती. आणि दोन वर्षं घोड्यासारखा पळालेला तिचा लॅपटॉप नेमका आत्ता बसकण मारत होता.

तिला येत होतं ते सगळं तिने करून पाहिलं. ड्रायव्हर नवे घातले. व्हायरस शोधला, सापडला नाही. गेम काढून पुन्हा टाकला. लॅपटॉपखाली कूलिंग पॅड ठेवलं, बाजूला टेबलफॅनही लावून बघितला. सुरुवातीची दहा मिनिटं सगळं झकास चालायचं आणि मग धपकन खाली. विचित्र म्हणजे, तापमान बघावं तर तेही फार नसायचं. मशीन तापून धापा टाकत असेल तर समजू शकतं. पण हे तापलेलं नव्हतं आणि तरी पळत नव्हतं. कोणीतरी आतून ब्रेकवर पाय ठेवून बसल्यासारखं वाटायचं.

कोणीतरी. हा शब्द एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

"हे कधीपासून होतंय?" निमेशने दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं.

दर्शनाने आठवून पाहिलं. "रिपेअरला दिला होता ना, त्यानंतर."

"बस! मग आणखी काय शोधतेस? आतला माल बदलला असणार. चांगली रॅम काढायची, भंगार टाकायची. कोण खोलून बघतं?"

लॅपटॉप मागच्या महिन्यात खरंच तापायला लागला होता. ऑफिसच्या मागच्या वाडीत हितेंद्र नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याने लॅपटॉप खोलून धूळ साफ केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि धुळीने अडकून निकामी झालेला एक पंखा बदलला. दोन दिवस लॅपटॉप त्याच्याकडेच होता. दोन दिवस म्हणजे पुष्कळ झाले, दर्शनाला आता वाटलं. शिवाय परत देताना तो जरा जास्तच गोड बोलला होता.

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन थेट दुकानात गेली. हितेंद्र चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवून बसलेला. काउंटरशी एक गृहस्थ आपल्या मुलीचा लॅपटॉप घेऊन उभे होते.

"तुम्ही यात काय काय बदललंत?" दर्शनाने दारातूनच विचारलं.

"पंखा बदलला, मॅडम. सांगितलं होतं ना."

"पंखाच फक्त?"

हितेंद्रने चष्मा खाली घेतला. "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"तुमच्याकडून आल्यापासून हा चालत नाही, एवढंच म्हणायचंय. आता त्याचा अर्थ काय लावायचा तो तुम्हीच लावा."

त्याने वाद घातला नाही. लॅपटॉप तिच्यासमोर खोलला, रॅमवरचं कंपनीचं लेबल दाखवलं, डिस्क दाखवली. दर्शनाच्या मनात आलं, लेबल काय, तेही बदलता येतं. मग त्याने मशीन पुन्हा जोडून गेम लावायला सांगितला. गेम चालला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. एकदाही अडखळला नाही.

"इथे तर मस्त चालतोय," हितेंद्र म्हणाला. "मला यात दोष दिसत नाही. घरी काय होतं ते घरीच बघायला हवं."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही म्हटलं मी."

"आत्ता खोललात तेव्हा काय केलंत कोणाला माहीत? महिनाभर चालत नाही आणि तुमचा हात लागला की लगेच चालतो?"

तिचा आवाज चढला होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी दोघांकडे पाहिलं, मुलीचा लॅपटॉप हळूच पिशवीत सरकवला आणि "नंतर येतो" असं पुटपुटत ते निघून गेले. हितेंद्र त्यांच्या दूर जाणाऱ्या पिशवीकडे बघत राहिला. दर्शनाही बघत राहिली, आणि तिला बरंच वाटलं. घरी जाताना बसमध्ये बसल्या बसल्या तिने फोनवर दुकानाच्या ऑनलाइन पानाला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'इथे आतले पार्ट बदलतात. सांभाळून.'

शनिवारी रात्री आणि रविवारी दिवसभर लॅपटॉप वाऱ्यासारखा पळाला. म्हणजे आपण दम दिला तेव्हा त्याने गुपचूप काहीतरी परत बसवलं, असं दर्शनाने ठरवून टाकलं. निमेशलाही ते पटलं.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा तेच. दहा मिनिटं झकास आणि मग चिखल.

त्या संध्याकाळी हेडफोन काढून ती पोटमाळ्यावर एकेक दिवस आठवत बसली. शनिवारी नाही, रविवारी नाही. त्याआधीच्या आठवड्यातही शुक्रवारपासून रविवारपर्यंत काही झालं नव्हतं. त्याच्याही आधीच्या आठवड्यात नाही. मशीनला वार कळतो का? मशीनला नाही कळत. माणसांना कळतो.

खाली माणसं तीन होती. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं वॉचमनकी करून आता घरी बसलेले बाबा, म्हणजे गणपत घाडी. एअरपोर्टच्या कार्गोत दिवसपाळी करणारा थोरला भाऊ स्वप्नील, शनिवार-रविवार घरी असणारा. आणि स्वप्नीलची बायको मेघना. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कुडाळची, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, कमी बोलणारी. सोमवार ते शुक्रवार दिवसभर घरात दोघंच असायचे, बाबा आणि वहिनी. बाबांना टीव्हीचा रिमोट धड वापरता येत नव्हता.

मंगळवारी दर्शना साडेसहाला घरी आली, चप्पल काढली आणि कोणाशी न बोलता शिडी चढून वर गेली. लॅपटॉप रोजच्या जागी, रोजच्यासारखाच मिटलेला. तिने त्याच्या पोटाखाली हात घातला.

गरम होता. वरणाचं पातेलं गॅसवरून उतरवून थोडा वेळ झाल्यावर लागतं, तेवढा.

ती तशीच खाली आली. मेघना ओट्याशी कांदा चिरत होती.

"वहिनी, लॅपटॉप कोणी लावला होता का गं आज?"

"नाही गं." उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. "कोण लावणार?"

"गरम लागला."

"वर पत्रा तापतो ना दुपारी. सगळंच गरम होतं."

दर्शनाने बाबांकडे पाहिलं. बाबा टीव्हीवर साबणाची जाहिरात बघत होते, इतकं लक्ष देऊन की जणू त्यांना उद्या परीक्षाच द्यायची होती.

त्यानंतर तिला घरात सगळंच वेगळं दिसायला लागलं. वहिनीच्या कानात घरातल्या साध्या बाळ्यांऐवजी मोत्याच्या कुड्या होत्या. अंगात गाऊन, पण केस मात्र नीट विंचरून क्लिप लावलेले. पोटमाळ्यावर पावडरचा वास रेंगाळत होता. वर बसून पावडर लावायचं कारण काय? बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना गॅलरीत शेजारच्या सरोजिनीकाकी भेटल्या. कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "काय गो, तुमच्याकडे हल्ली दुपारची माणसं येतात वाटतं?"

"कोण माणसं?"

"मला काय माहीत बाई. पुरुषाचा आवाज येतो कधी कधी. पार्टिशन कसलं आपलं, सगळं ऐकू येतं. म्हटलं, पाव्हणे असतील."

दर्शना बसमध्ये बसली, पण ऑफिस येईपर्यंत तिला बाहेरचं काही दिसलं नाही. चांगले कपडे, पावडर, पुरुषाचा आवाज, शनिवार-रविवार सुट्टी. लॅपटॉपला कॅमेरा होता. वहिनीला पासवर्ड माहीत होता, एकदा लाइटबिल भरायला दर्शनानेच सांगितलेला. तिला स्वप्नीलदादाचा चेहरा आठवला. मागच्या वर्षी वहिनीला एका ऑफिसातून 'नक्की घेतो' असा फोन आला, तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी तळमजल्यापासून वरपर्यंत पेढे वाटले होते. ती नोकरी पुढे मिळालीच नाही. असा भोळा माणूस. त्याला कसं सांगायचं?

"पासवर्ड बदलून टाक, संपला विषय," निमेश म्हणाला. तिने त्याला अर्धंच सांगितलं होतं.

"बदलला तर कळणार नाही कोण ते."

"तुला मॅच जिंकायचीय की कोणाला पकडायचंय?"

त्या संध्याकाळी आठ वाजता पात्रता फेरी होती. तिसऱ्या राउंडला लॅपटॉपने मान टाकली. सगळी टीम जिवंत असताना ती एकटी आधी मरायची, दर वेळी. हरल्यावर निमेशने तिला वेगळा फोन केला. आवाज मऊ होता, आणि तेच वाईट लक्षण होतं.

"रविवारी अजून एक चान्स आहे. पण मी दुसऱ्या एकाला, विनीतला, घेतोय तुझ्या जागी. तुझं मशीन ठीक झालं की बघू. ओके ना?"

"ओके," ती म्हणाली. आणि खाली भांडी घासणाऱ्या वहिनीच्या पाठीकडे शिडीच्या फटीतून बघत राहिली.

गुरुवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली. अडीचच्या सुमाराला ती चाळीच्या जिन्यावर होती, चप्पल हातात घेऊन. गॅलरीत कोणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं आणि दाराला लावून बाबांची खुर्ची. दुपारी गाढ झोपणारे बाबा खुर्चीत ताठ बसले होते, अगदी वॉचमन असताना बसायचे तसे. तिला बघताच ते इतक्या जोरात खोकले की पलीकडच्या खोलीतला पोपट ओरडला.

"कित्याक इलंस इतक्या लवकर? बरां नाय काय?"

दर्शनाने मान वर केली. वरून मेघनाचा आवाज येत होता, आणि तो घरातला नव्हता. स्वच्छ, ठाम, घाई नसलेला. "नाही सर, खिडकी तिथे घेतली तर ओट्यावर सावली पडेल. मी दोन्ही करून पाठवते, तुम्ही बघा." मग एक पुरुषाचा आवाज, लॅपटॉपमधूनच आलेला. "ठीक आहे, उद्यापर्यंत द्या."

दर्शना शिडी चढली. मेघना उशीवर बसली होती. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली गाऊन. तिने घाईने कॉल कापला, पण पडद्यावरचं चित्र तसंच राहिलं. ते एक स्वयंपाकघर होतं. न बांधलेल्या घरातलं, पण इतकं खरं की ओट्यावरच्या लिंबांवर ऊन पडलेलं दिसत होतं. त्यांच्या अख्ख्या खोलीपेक्षा ते मोठं होतं.

दर्शनाने पडद्याकडे बोट केलं.

"हे काय आहे?" दर्शनाने विचारलं.

"काम." मेघनाचा चेहरा उतरला होता. "दादरच्या एका इंटिरियरवाल्यांचं. ट्रायलवर आहे. घरं अशी थ्रीडीमध्ये काढून द्यायची. आवडलं तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात घेतील."

"आणि चोरून? माझ्या मशीनवर? मी परवा विचारलं तर तोंडावर नाही म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं."

"माझी जागा गेली टीममधली, वहिनी! काल गेली. दोन वर्षं खेळतेय मी त्या जागेसाठी. तू यात काय घालून ठेवलंयस?"

"काही नाही घातलं गं, देवाशपथ! हे सॉफ्टवेअर बंद करूनच ठेवते मी." मेघना खरोखर गोंधळली होती. "माझ्यामुळे कसं काय?"

खालून बाबा शिडीच्या पायथ्याशी आले. "तिका बोलू नको गो. मीच म्हटला तिका, कोणाक सांगू नको म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून. माका दुपारी झोप लागत नाय, तुमका वाटता लागता म्हणून." ते शिडीच्या पायरीवर टेकले. "मागच्या खेपेक पेढे वाटले स्वप्नीलान. मगे म्हयनाभर जो तो इचारी, काय झाला गो नोकरीचा? ह्या पोरीन गॅलरीत जावचा सोडला. आता नोकरी पक्की होईसर कोणाक सांगूचा नाय, असा ठरवला आमी."

दर्शनाचा राग एका जागी ठरेना. तिने कल्पिलेला पुरुष नव्हता याचं हायसं वाटलं, आणि आपण ती कल्पना केली होती याची लाज त्याच्या मागोमाग आली. पण जागा तर गेलीच होती. आणि लॅपटॉप का रुततो ते अजूनही कळलं नव्हतं.

"कधीपासून वापरतेस?" तिने विचारलं.

"दोन महिने झाले असतील."

"दोन महिने? मग बिघाड मागच्या महिन्यात कसा सुरू झाला?" तिच्या मनातला हितेंद्र पुन्हा डोकं वर काढू लागला. "रिपेअरहून आल्यापासूनच होतंय. तू तेव्हा काही वेगळं केलंस?"

मेघना विचारात पडली. "वेगळं काही नाही. फक्त आवाज."

"कसला आवाज?"

"नवीन पंखा घातल्यापासून हा किती घोंघावतो! आधी एवढा नव्हता. ड्रॉइंग तयार व्हायला लागलं की मिक्सर चालू केल्यासारखं व्हायचं. सरोजिनीकाकी पार्टिशनवर टकटक करून विचारायच्या, दुपारचं काय वाटतेस गं? मग मी फोनवर शोधलं, लॅपटॉपचा आवाज कमी कसा करायचा. ही दोन बटणं एकत्र दाबायची असं होतं. बघ."

तिने दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एका पानाचं चित्र उमटलं आणि विरलं. पंख्याचा घोंघाट हळूहळू खाली आला.

दर्शना त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. लॅपटॉपला शांत चालायचा, मधला आणि पूर्ण ताकदीचा, असे तीन मोड होते आणि पान ही शांत मोडची खूण होती. घेतला त्याच दिवशी तिने तो पूर्ण ताकदीवर टाकला होता आणि कंपनीचं अ‍ॅप जागा खातं म्हणून उडवलं होतं. त्यानंतर ते तीन मोड तिच्या गावीही नव्हते. शांत ठेवलं की मशीन आवाज करत नाही, कारण ते जोरच लावत नाही. पहिली दहा मिनिटं जुन्या दमावर निघतात आणि मग ते स्वतःच स्वतःला आवरतं. संध्याकाळी तिच्या कानावर हेडफोन, पंखा गप्प आहे हे तिला ऐकू कुठून येणार?

"काम झालं की परत दाबत नाहीस?"

"दाबते की. कधी घाईत राहून जातं. तुमची यायची वेळ होते, कुकर लावायचा असतो. शुक्रवारी मात्र आठवणीने दाबते, कोपऱ्यात आधीचं चित्र परत येईपर्यंत. शनिवार-रविवार तू दिवसभर बसतेस, तुला आवाजातला फरक कळेल असं वाटायचं." ती थांबली. "याने मशीन हळू होतं? मला वाटायचं ड्रॉइंगच जड आहे, म्हणून एवढा वेळ लागतो."

तिच्या चेहऱ्यावरचा तो खराखुरा पश्चात्ताप बघून दर्शनाला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. खालून बाबांनी विचारलं, "गावला काय ता?"

"गावलं, बाबा," मेघना म्हणाली.

दर्शनाने ती दोन बटणं स्वतः दाबली आणि गेम लावला. पंखा गरजला. अर्धा तास ती एकटीच खेळली, फ्रेम्सचा आकडा हलला नाही. तरी तिचं समाधान होईना. मेघनाला बाजूला बसवून तिने पुन्हा पान आणलं, बिघाड आणला, पुन्हा घालवला. असं तीनदा केलं, तेव्हा कुठे तिने लॅपटॉप वहिनीकडे सरकवला. "घे. उद्यापर्यंत द्यायचंय ना तुला? पूर्ण ताकदीवरच चालव. काकींना मी बघते."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती हितेंद्रच्या दुकानात गेली. माफी मागायचं वाक्य वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण दारात ते विस्कटलं. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मलाही सुचायला हवं होतं मोडचं," तो शेवटी म्हणाला. "पण इथे बिघाड दिसलाच नाही." मग त्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. "हे तुमचं ना?"

एक तारा. 'इथे आतले पार्ट बदलतात. सांभाळून.' त्याखाली आणखी दोघांनी एकेक तारा दिला होता. एकाने लिहिलं होतं, 'माझ्या बाबतीतही असंच झालं असावं.' दुसऱ्याने, 'ऐकून आहे.'

"माझं मी आत्ता काढते," दर्शना म्हणाली आणि तिथेच उभ्या उभ्या काढलं.

"ते ठीक. या दोघांचं काय करू?"

तिने ते दोन अभिप्राय पुन्हा वाचले. आणि त्याच क्षणी, अगदी निमिषभर, तिच्या मनात येऊन गेलं, त्या दोघांचं खरं असलं तर? समोरचा माणूस चष्मा पुसत होता. आपल्या डोक्याला लागलेली ही खोड बघून ती स्वतःच दचकली. तिने नवा अभिप्राय लिहिला, आपलीच चूक होती असा, स्वतःच्या नावानिशी. हितेंद्रने तो वाचून मान हलवली. हसला नाही. तिनेही तशी अपेक्षा धरली नाही.

रविवारच्या फेरीत विनीतच खेळला. टीम थोडक्यात हरली. निमेशने तिला पुन्हा आत घेतलं, पण पुढची स्पर्धा आता दोन महिन्यांनी होती. ते दोन महिने कोणाच्या नावावर टाकायचे हे दर्शनाने मनात अनेकदा तपासून पाहिलं, आणि दर वेळी नाव वेगळं निघालं.

मेघनाचं काम महिनाअखेरीला पक्कं झालं. त्या संध्याकाळी तिने स्वप्नीलला स्वतःच सांगितलं, सगळं, पहिल्या दिवसापासून. तो ऐकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने दर्शना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाबांना माहीत," तो समोरच्या इमारतीकडे बघत म्हणाला. "तुला माहीत. शेजारच्या काकींनासुद्धा अर्धं माहीत. मीच तेवढा राहिलो."

"दादा, तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही."

"मग कशासाठी?"

तिला पेढ्यांचं सांगता आलं असतं. मी तर तिच्यावर त्याहून वाईट संशय घेतला होता, असंही म्हणता आलं असतं. पण ते तिने गिळलं. ते तिचं तिलाच सांभाळायचं होतं. "तिला एकदा तरी पक्की झालेली गोष्ट तुला सांगायची होती," ती म्हणाली.

स्वप्नीलने कठड्यावरचा रंग नखाने खरवडला. मग आत गेला आणि शिडी चढून पोटमाळ्यावर वाकून बसला, उंच माणसाला तिथे सरळ बसता येत नसे. "दाखव बघू," तो मेघनाला म्हणाला.

तिने लॅपटॉप उघडला. ते मोठं स्वयंपाकघर, लिंबांवरचं ऊन. तो तोंड पुढे नेऊन बघत राहिला.

"ही खिडकी अशी तिरकी का?"

"तिरकी नाही, कोपऱ्यात आहे. थांब, आतून दाखवते."

शिडीखाली दर्शनाचा फोन वाजला. निमेश. आठ वाजत आले होते, सरावाला चौघं येऊन बसले असणार. वर मेघना सांगत होती की सकाळचं ऊन कुठून येतं आणि दुपारी कुठे सरकतं, आणि स्वप्नील मध्ये मध्ये 'हं' म्हणत होता.

दर्शनाने फोन कापला, 'आज मी नाही' एवढं लिहून पाठवलं आणि बाबांच्या बाजूला टीव्हीसमोर जाऊन बसली.